तिच्या नावावर चोरलेले बेस

कप लहान आहे. वीतभर उंचीचा, लाकडी बैठकीवर बसवलेला. बैठकीच्या पितळी पट्टीवर कोरलंय, ‘सर्वाधिक बेस चोरणारी खेळाडू’, आणि त्याखाली एका मुलीचं नाव. स्पर्धा झाली तेव्हा त्या मुलीला जाऊन महिना होत आला होता. बेस मी चोरले होते.

हे मी कुणाला सांगितलं नाही असं नाही. गवताच्या व्यापाऱ्यांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलं. लोक ऐकतात आणि म्हणतात, जाऊ दे ना, एवढासा तर कप. मी गवताच्या एका गाठीच्या वजनावरून अर्धा दिवस भांडणारी बाई आहे. मला जाऊ दे म्हणणाऱ्याशी मी पुढे धंदा करत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुरबाडच्या कॉलेजात खेळाचे नवे सर आले आणि त्यांनी सॉफ्टबॉल आणला. आमच्याकडे तो खेळ कुणी पाहिलेला नव्हता. चेंडू मारायचा, पळायचं, आणि मैदानाच्या कोपऱ्यांवर ठेवलेल्या गाद्यांना, म्हणजे बेसना, शिवत शिवत परत यायचं. पण त्यात एक गंमत होती. तुम्ही एका बेसवर उभे असाल आणि कुणी चेंडू मारलेला नसेल, तरी पुढच्या बेसवर पळून जाता येतं. त्याला बेस चोरणं म्हणतात. अट एकच. चेंडू टाकणारी, म्हणजे पिचर, तिच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत तुमचा पाय बेसवर पाहिजे. जरा आधी निघालात की आऊट. जरा उशिरा निघालात की मागे बसलेली कॅचर चेंडू पकडून असा फेकते की तो तुमच्या आधी पोचतो.

मला हे पहिल्याच दिवशी जमलं. धसईच्या बाजारात मी लहानपणापासून आईबरोबर भाजी घेऊन बसायचे. गिऱ्हाईक उठून चालायला लागणार की भाव मान्य करणार, हे त्याच्या खांद्यावरून कळतं. पिचरचंही तसंच होतं. तिचा खांदा मला आधी सांगायचा.

कपावर जिचं नाव आहे ती माझी मैत्रीण, किन्हवलीकडच्या एका गावातली. भातशेतीचं घर, मोठं खळं, दारात दोन बैल. आम्ही बौद्ध. तिच्याकडे गेले की मी ओटीवर बसून चहा प्यायचे. आत येऊ नकोस असं कुणी कधी म्हटलं नाही. आत ये असंही म्हटलं नाही. तिला मात्र हे दिसायचंच नाही, ती माझ्याच बशीत चहा ओतून प्यायची.

आणि ती धावायला अतिशय मंद होती. आयुष्यात तिनं एकही बेस चोरला नाही. बेसवर उभी राहिली की पाय रोवल्यासारखे. पिचरचा हात फिरायचा, चेंडू जायचा, परत यायचा, ही तिथंच.

“तुला कसं गो कळतं कधी निघायचा ते?” ती विचारायची.

“कळत नाय. निघायचा.”

“मला कोणीतरी मागून ढकलायला पायजे.”

“मग ढकलणारी बाई ठेव पगारावर.”

त्यावर ती इतकी हसायची की खाली बसायची. पण तिचा कप मिळवायचा हट्ट होता. टीमचा नको, स्वतःचा. एकदा तरी घरी एक कप नेणार आणि आईला दाखवणार, हे ती रोज एसटीत बोलायची.

स्पर्धेच्या यादीत ती होती, मी नव्हते. कारण मी सरांशी भांडले होते. ज्यानं सरावाला माळ दिला त्याच्या मुलीला त्यांनी कॅप्टन केलं, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, “सर, माळाच्या भाड्यात कॅप्टनपद गेलं काय?” सरांनी शिट्टी वाजवून सराव पुढे सुरू केला. मग नऊ जणींची यादी फोटोंसह, प्राचार्यांचा शिक्का मारून गेली, आणि तीत मी नव्हते.

मग भातकापणीत तिला पान लागलं. आमच्याकडे असंच म्हणतात, सापाचं नाव घेत नाहीत. बांधावरून किन्हवलीपर्यंत चारपाईवर आणली, तिथून जीप मिळेपर्यंत संपली.

दहाव्याला अख्खी टीम नदीवर गेली. आम्ही मुली वरच्या खडकांवर उभ्या होतो. खाली पिंड मांडला होता आणि समोरच्या उंबरावर सात-आठ कावळे होते, पण एकही शिवेना. आमच्यात हे नाही. आमच्याकडे कुणी गेलं तर वंदना होते, कावळ्याला कुणी विचारत नाही. म्हणून मी आधी नुसती बघत होते. तिचा बाप म्हणाला, धाकट्याला शिकवीन. काका म्हणाला, तुझ्या आयेला अंतर देणार नाय. मामानं काहीतरी कबूल केलं. कावळे मान वाकडी करून ऐकत होते, आणि बसले होते तसेच बसले होते. ऊन डोक्यावर आलं. कुणी दर्भाचा कावळा करायचं सुचवलं. तिची आई तोंडात पदर धरून बसली होती आणि नको, नको म्हणत होती. खरा कावळा शिवल्याशिवाय ती उठणार नव्हती.

मला भूक लागली होती. आणि खरं सांगायचं तर राग आला होता, कुणावर ते माहीत नाही. सौदा तुटायला आला की आपण शेवटी एक बोली टाकतो ना, लागली तर लागली, तशी मी वरूनच ओरडले. “तुझं राहिलेलं मी खेळीन. कप तुझ्या घरी आणीन. आता ये.”

एक कावळा उतरला. उडत नाही, घसरल्यासारखा. पिंडाला चोच लावली आणि माझ्याकडे बघितलं. हे मी रंगवून सांगत नाही. त्यानं पिंडाकडे बघितलं नाही, माणसांकडे बघितलं नाही, वर खडकावर माझ्याकडे बघितलं.

मी खाली उतरले तेव्हा लोकांनी बाजूला होऊन मला वाट दिली. तिच्या आईनं माझं मनगट धरलं. “बोललीस ना तू?”

“बोलले, मावशी.”

“मग झाला.”

मला वाटलं, काय जातंय? मी यादीतच नाही. खेळणार कुठून आणि आणणार कुठून.

तीन दिवसांनी सर आमच्या घरी आले. आठ मुलींवर टीम उतरवता येत नाही, आणि यादीत नवं नाव घालायची मुदत गेली होती. “तू तिच्या कार्डावर ये,” ते म्हणाले. “दोन वेण्या घाल. फोटो तसाही काळाच आलाय.”

“म्हणजे मी मेलेल्या मुलीच्या नावानं खेळू?”

“तू नदीवर बोललीस ते सगळ्या गावानं ऐकलंय,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात वचपा होता की विनंती, अजून ठरवता आलेलं नाही.

तिचा शर्ट तिच्या आईनं धुऊन, घडी घालून पाठवला. मला तो आखूड व्हायला हवा होता, ती माझ्यापेक्षा बुटकी होती. पण बरोबर बसला.

स्पर्धा शहापूरला होती. पंचांनी कार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत दिलं. मी पहिल्या बेसवर पोचले आणि आमच्या मुली बाजूनं ओरडायला लागल्या. त्यांना तिचंच नाव घेऊन ओरडावं लागत होतं, पंच ऐकत होते. पहिल्यांदा आवाज निघेना, एक तर रडायलाच लागली. दुसऱ्या डावापर्यंत मात्र त्या जीव तोडून ओरडत होत्या. महिन्यापूर्वी जाळलेल्या मुलीचं नाव, उड्या मारत, टाळ्या वाजवत.

मी बेसवर पाय ठेवून वाकले. पिचरचा खांदा बघत होते. तो मला काहीच सांगेना. पहिल्यांदाच. आणि मग पाठीवर, कमरेच्या जरा वर, हात लागला. तळवा. झोपाळ्याला झोका देताना लागतो तसा, आधी नुसता टेकलेला आणि मग ढकलणारा. मी निघाले. दुसऱ्या बेसवर घसरत गेले, धूळ खाली बसली तेव्हा पंचांचे दोन्ही हात आडवे पसरलेले होते. सेफ.

मागे वळून बघितलं. पहिल्या बेसवर अर्थातच कुणी नव्हतं.

तीन सामन्यांत मी अकरा बेस चोरले. एकदाही आधी नाही, एकदाही उशिरा नाही. दर वेळी तो तळवा. चेंडू सुटायचा त्याच क्षणी. तिसऱ्या सामन्यात तर मी पिचरकडे बघणंच सोडलं होतं. डोळे मिटून उभी राहिले असते तरी चाललं असतं. कुणी म्हणेल, मग बेस तुझे कसे? तर पाय माझे होते. दम माझा होता. सोलून निघालेले गुडघे माझे होते आणि त्यांचे डाग अजून माझ्याच अंगावर आहेत. ढकलणाऱ्याला कप देत नाहीत.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी एका पोरीनं मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारली. दोनदा मारली. मी वळले नाही. तिनं येऊन खांद्याला हात लावला तेव्हा मला वाटलं, ही कुणाला शोधतेय?

टीम हरली. पण बक्षीस समारंभात माइकवरून सर्वाधिक बेस चोरणारी खेळाडू म्हणून तिचं नाव आलं. मी उठले नाही. आपण नसलेल्या जागी कसं उठायचं? सरांनी कोपरानं ढोसलं. पाहुण्यांनी कप दिला, हसून म्हणाले, “चोरी चांगली केलीस हं.” टाळ्या झाल्या. आमच्या मुलींतल्या कुणी वाजवल्या नाहीत.

तो कप मी एक रात्रही घरी ठेवला नाही. दुसऱ्याच दिवशी किन्हवलीच्या गाडीनं गेले आणि मावशीच्या हातात दिला. तिनं तो पदरानं पुसला आणि आत, लेकीच्या फोटोपुढे फळीवर ठेवला. मी ओटीवर. एवढ्यावर मी गप्प बसले असते. बोलले होते, दिला, संपलं.

संपलं नाही. पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या निवड शिबिराचं पत्र आलं. विद्यापीठाच्या संघातून खेळायचं म्हणजे मुंबईच्याही पलीकडे जायचं, रेल्वेनं, ब्लेझर घालून. पत्र तिच्या नावानं, तिच्या घरच्या पत्त्यावर. मी सरांकडे गेले. म्हटलं, खरं काय ते सांगा. सर म्हणाले, खरं सांगितलं तर कॉलेजवर बंदी येईल आणि तुझ्यावर आधी. मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट भिंतीवर मारला. त्यानंतर मी कॉलेजात गेले नाही.

पुढची वर्षं धंद्यात गेली. आधी भाजी, मग गवत. सिद्धगडच्या पायथ्यापर्यंतच्या माळांवरचं उभं गवत मी कापणीआधी ठरवून टाकते, मग वाळवून, दाबून गाठी बांधायच्या आणि तबेल्यांना पाठवायच्या. बाप्ये होते सगळे या धंद्यात. आता माझ्याशी भाव करायच्या आधी पाणी मागतात. पण दुपारी वखारीत जरा टेकले की मला तो पहिला बेस दिसायचा. आणि ते पत्र. रोज. मी रोज तिथं उभी राहायचे आणि रोज तो कप माझ्या हातातून काढून घेतला जायचा.

दोन हजार सालानंतर, माझं तिसावं सरल्यावर, एका कार्तिकात मी किन्हवलीकडे गवत बघायला गेले. माळ कुणाचा ते विचारलं तर मावशीचा. तिचा नवरा वारला होता, धाकटा ठाण्याला. भर दुपार होती. खळं नुकतं सारवलेलं, अजून ओलं, भाताचे भारे यायचे होते. मावशी पायरीवर बसून सुपारी कातरत होती. मला बघून तिला नवल वाटलं नाही.

“आलीस? बस. आज लवकर आलीस.”

“मी आज दहा वर्षांनी येतेय, मावशी.”

“दिसायला, व्हय.” तिनं अडकित्ता खाली ठेवला. “धावायला तर रोज येतेस.”

मी हसले. म्हटलं, म्हातारी झाली. “कोण धावतंय?”

“आता कोन म्हंजे? ती धावते, या खळ्यात. जेवणां झाली की. पयल्या वर्साला एकटीच धावायची. मग तू याया लागलीस. दोगींचे पाय वाजतात. एक हलका, एक जड. जड तो तुझा.”

“मी दुपारची वखारीत असते. धसईला.”

“आंग आसंल. बाकीची कुटं आसतेस?”

मला राग आला. मी सरळ आत गेले. कुणाला न विचारता, पहिल्यांदाच. फळीवर फोटो होता, कप होता. पितळ लखलखत होतं. मी तो उचलला. लाकडी बैठक गरम होती, जसं कुणीतरी आत्ता हातातून खाली ठेवलं असावं. बाहेर येऊन मी मावशीपुढे उभी राहिले.

“मावशी, हा माझा आहे. ती धावली नाही. मी धावले. तिला तर आयुष्यात एक बेस चोरता आला नाही. गवताचा भाव तू म्हणशील तो देते, एक शब्द बोलणार नाही. हा मला दे.”

मला वाटलं, रडेल, नाहीतर शिव्या घालेल. तिनं खळ्याकडे बोट केलं.

“भाव ऱ्हाऊ दे बाजूला. तुजा हाय म्हंतेस, तर धाव.”

“काय?”

“त्या खांबापासून या पायरीपोत. मी सुपारी उडवते. हातातून सुटली का निघायचा. तिनंच सांगितलेला मला, आसाच आसतो तुमचा. आधी पोचलीस तर घेऊन जा.”

“आधी म्हणजे? कुणाच्या आधी?”

तिनं एक अख्खी सुपारी उचलून चिमटीत धरली.

खांब ते पायरी मी पावलांनी मोजलं, सवयीनं. बेस ते बेस असतं तेवढंच भरलं. कप पायरीवर ठेवला. चपला काढल्या, पदर खोचला, खांबाला टाच लावून वाकले. तिशी उलटलेली, अंग सुटलेली बाई, भर दुपारी दुसऱ्याच्या खळ्यात. माळावर वारा नव्हता. बैल रवंथ करत होते ते थांबले.

मी पाठीवर हाताची वाट बघत होते. हे कबूल करायला हवं. तळवा आला नाही.

सुपारी अजून मावशीच्या बोटांत होती. आणि ओल्या सारवणावर पाय वाजला. माझ्या पुढे, एका हातावर. हलका, घाईचा. मग दुसरा. मग सुपारी उडाली आणि मी निघाले. जीव खाऊन धावले. पुढे सारखे ते पाय, चप् चप्, आणि मला ते गाठता येईनात. पायरीला हात लावला तेव्हा माझ्या छातीत कळ आली होती.

मावशी माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या बाजूला, जरा खाली बघत होती. बुटक्या माणसाकडे बघतात तसं.

“ती आधी पोचली,” ती म्हणाली.

आणि माझं डोकं फिरलं. “पोचणारच! सुपारी हातात असताना निघाली ती! सुटायच्या आधी! आऊट आहे ती, मावशी, नियमानं आऊट!”

माझा आवाज समोरच्या माळावर आपटून परत आला. मावशीनं आता मात्र माझ्याकडे बघितलं. तोंडात दोनच दात उरलेले, त्यांनी ती हसली.

“म्हंजे तुला बी आयकू आली.”

मी चपला हातात घेतल्या. गवताचा भाव तिनं सांगितला तो मी दिला आणि मान खाली घालून गाडीकडे चालू लागले. खळ्यावर किती पावलं उमटली होती ते मी बघितलं नाही.

पण सौदा तसा अर्धवट सोडणं माझ्यात नाही. पुढच्या कार्तिकात परत गेले. त्याच्या पुढच्याही. नवरा म्हणतो, त्या एका माळासाठी एवढ्या लांब कशाला? मावशीला आता नीट दिसत नाही, पण सुपारी उडवता येते. दर वेळी ती आधी निघते आणि दर वेळी मी भांडते. कप पायरीवर असतो, मी तो आत नेऊन ठेवते आणि घरी येते.

मागच्या वर्षी मी सुपारीवरून नजर हलू दिली नाही. सुपारी सुटली. मी निघाले. त्याच क्षणी ती निघाली, आधी नाही, पापणीएवढीही नाही, अगदी नियमानं. अर्ध्या खळ्यापर्यंत आमचे पाय बरोबरीनं वाजत होते. मग ती पुढे गेली.